मॅग्नेटोवरच्या विंटेज गाडीला आरपीएम मीटर बसवताना

जुन्या गाडीला आरपीएम मीटर बसवायचं म्हटलं की बहुतेक मेकॅनिक एकच रस्ता सांगतात. कॉइलच्या निगेटिव्हवरून एक वायर काढायची, ती मीटरला द्यायची, बॅटरीचे प्लस-मायनस जोडायचे, काम झालं. अँबेसेडरला, फियाटला, जुन्या जीपला हे चालतं, कारण त्यांच्यात बॅटरी आणि कॉइलचं इग्निशन आहे. पण १९२०च्या दशकातल्या ज्या गाड्या मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय स्वतःच वीज तयार करून स्पार्क देणाऱ्या यंत्रावर) चालतात त्यांच्या बॉनेटखाली वेगळी कॉइल नसतेच. मग तीच वायर मॅग्नेटोच्या टर्मिनलला लावली जाते. त्यानंतर एक तर इंजिन मिस मारायला लागतं, नाहीतर साफ बंद पडतं, नाहीतर नवं कोरं मीटर जळतं.

अशा गाडीवर पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर उभी आहे: मीटरला स्पार्क मोजायला लावू नका, फिरणारा भाग मोजायला लावा. मॅग्नेटोची वायरिंग जशी आहे तशी राहू द्या.

उदाहरणासाठी ऑस्टिन सेव्हन घेऊ. ही छोटी ब्रिटिश गाडी १९२२ साली आली आणि १९३९ पर्यंत बनत राहिली. ७४७ सीसीचं चार सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, सुरुवातीच्या काळात साडेदहा हॉर्सपॉवर, तीही २४०० आरपीएमला. पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांना मॅग्नेटो होता, १९२८च्या सुमारास कॉइल आली. साध्या मॉडेलला कंपनी आरपीएम मीटर देत नसे. पण १९३६ आधीच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (मुख्य फिरणारा दांडा) फक्त दोन बेअरिंगवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकावर टेकलेला असतो. मध्ये आधार नाही. इंजिन जास्त पळवलं की क्रँक मधून लवतो, आणि शंभर वर्षं जुन्या लोखंडाला ते फार वेळा सोसत नाही. क्रँक तुटणं हे या गाडीचं जुनं दुखणं आहे. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन किती वर गेलं हे कानाने नीट कळत नाही, विशेषतः नवीन माणसाला. म्हणून इथे मीटर हवं.

मॅग्नेटो समजून घ्या, मग पाना उचला

मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला लोखंडी गाभा, फिरतं. त्यावर दोन वाइंडिंग असतात, एक जाड तारेचं थोड्या वेढ्यांचं, दुसरं केसासारख्या बारीक तारेचं हजारो वेढ्यांचं. पॉइंट (उघडझाप करणारे दोन संपर्क) मिटलेले असताना जाड वाइंडिंग शॉर्ट असतं आणि त्यात करंट खेळतो. पॉइंट उघडले की तो करंट एकदम तुटतो, आणि त्या झटक्याने बारीक वाइंडिंगमध्ये हजारो व्होल्ट उभे राहतात. तोच प्लगवरचा स्पार्क. या सगळ्यात बॅटरी कुठेच नाही. १९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला तेव्हा मोटारवाल्यांना त्याचं अप्रूप वाटलं ते यासाठीच. त्या काळच्या बॅटरीवर भरवसा ठेवता येत नसे. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन मॅग्नेटो मिळेनासे झाले आणि ब्रिटनमध्ये ते बनवणारे कारखाने वाढले. त्यामुळे तुमच्या गाडीवर बॉश, लुकास, बीटीएच, एमएल असं कुठलंही नाव दिसू शकतं. काम सगळ्यांचं तेच.

आता कळीचा मुद्दा. पॉइंटच्या बाजूने एक बारीक वायर डॅशबोर्डवरच्या स्विचकडे जाते. कॉइलच्या गाडीत स्विच बंद म्हणजे सर्किट तुटलं. मॅग्नेटोच्या गाडीत स्विच बंद म्हणजे ती वायर बॉडीला टेकली. पॉइंट उघडले तरी करंट तुटत नाही, म्हणून स्पार्क पडत नाही. बजाजच्या जुन्या स्कूटरी ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हे तत्त्व ओळखीचं आहे. म्हणजे ती वायर ही इंजिन बंद करण्याची वायर आहे. तिला जोडलेली कोणतीही वस्तू करंटला बॉडीकडे जायला थोडीफार वाट करून देते. कॉइलसाठी बनवलेलं मीटर तिथे लावलं तर स्पार्क अशक्त होतो. सुरू करताना मॅग्नेटो हळू फिरत असतो, स्पार्क आधीच बेताचा असतो, त्यामुळे त्रास सगळ्यात आधी हँडल मारताना दिसतो. शिवाय पॉइंट उघडण्याच्या क्षणी तिथे काहीशे व्होल्ट येतात, आणि फिरत्या आर्मेचरच्या मॅग्नेटोत त्यांची दिशा प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला उलटते. १२ व्होल्टच्या मीटरने हे सोसावं अशी अपेक्षाच चुकीची.

सुरक्षेच्या गोष्टी, ज्या टाळता येत नाहीत

बॅटरीची वायर काढली म्हणजे गाडी निर्जीव झाली, हा समज मॅग्नेटोच्या गाडीत धोक्याचा आहे. बॅटरी टेबलावर काढून ठेवली असेल तरी पुली हाताने फिरवताना इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. स्विचची वायर तुटलेली किंवा निघालेली असेल तर स्विच बंद दिसूनही मॅग्नेटो जिवंत असतो. म्हणून:

१. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर, दोन्ही बाजूंनी चाकाखाली ठोकळे.

२. पेट्रोलचा कॉक बंद.

३. मॅग्नेटोचं स्विचचं टर्मिनल एका वेगळ्या वायरीने थेट इंजिनाच्या लोखंडाला जोडा. काम संपेपर्यंत ही वायर काढायची नाही.

४. चारही प्लग काढा, पण त्यांच्या वायरींना लावूनच हेडवर आडवे ठेवा. प्लगवायरी हवेत लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नका. स्पार्कला बाहेर वाट मिळाली नाही की तो आर्मेचरच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतो, आणि मग मॅग्नेटो पुन्हा वाइंड करून घ्यावा लागतो.

मॅग्नेटो उघडण्याची गरज या कामात कुठेच नाही. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या जुन्या चुंबकांमधून आर्मेचर नुसतं बाहेर काढलं तरी, टोकांवर लोखंडी पट्टी न ठेवल्यास, चुंबकांची ताकद उतरते. मीटरसाठी एवढी किंमत मोजू नये.

आधी मोजा

प्लग काढल्यावर इंजिन हँडलने सहज फिरतं. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर आणि मॅग्नेटोच्या कपलिंगवर (त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या सांध्यावर) खडूने एकेक खूण करा. हँडलचे दहा पूर्ण फेरे फिरवा आणि कपलिंगचे मोजा. फिरत्या आर्मेचरचा मॅग्नेटो एका फेऱ्यात दोन स्पार्क देतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला क्रँकच्या एका फेऱ्यात दोनच स्पार्क लागतात, म्हणून तिथे मॅग्नेटो क्रँकच्याच वेगाने फिरतो. दहाला दहा यायला हवेत. सहा सिलिंडरला दीडपट, म्हणजे दहाला पंधरा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे सेटिंगला लागणार आहे.

तीन वाटा

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे प्लगवायरीवर वेढे मारण्याचं छोटं डिजिटल मीटर, जे जनरेटर आणि गवत कापायच्या मशीनवर वापरतात. त्याची एकच वायर असते, ती एका प्लगवायरीच्या इन्सुलेशनवर चार-पाच वेढे गुंडाळायची. आत स्वतःची सेलची बॅटरी असते. मॅग्नेटोला काहीच जोडलं जात नाही, म्हणून ही वाट निर्धोक आहे. फोर-स्ट्रोकमध्ये एका प्लगवर दोन फेऱ्यांत एक स्पार्क पडतो, तसं सेटिंग निवडायचं. चुकलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. क्लिपवाला पिकअप वापरत असाल आणि काहीच दिसत नसेल तर क्लिप उलटी लावून बघा. मॅग्नेटोत लागोपाठचे स्पार्क उलटसुलट दिशेचे असतात. ऑस्टिन सेव्हनची फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हणजे १ आणि ४ नंबरच्या वायरींवर एक दिशा आणि ३ आणि २ वर दुसरी. १ वर चालत नसेल तर ३ वर चालू शकतं. टायमिंग लाइटलाही हेच लागू आहे. एक गाडी मात्र यात बसत नाही: फोर्ड मॉडेल टी. तिच्या ट्रेम्बलर कॉइल एका फटक्यात स्पार्कची मालिका सोडतात आणि असं मीटर वेड्यासारखे आकडे दाखवतं.

तपासणीसाठी हे मीटर छान. कायमचं म्हणून मला ते पटत नाही, कारण त्याचा आकडा अडखळत बदलतो आणि उन्हात दिसत नाही.

दुसरी वाट केबलच्या मीटरची. गाडीच्या काळाला शोभणारी हीच. त्या काळच्या येगर किंवा स्मिथ्सच्या क्रोनोमेट्रिक मीटरचा काटा सरळ सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो, कारण आतलं घड्याळासारखं यंत्र ठरावीक वेळ फेरे मोजतं, आकडा दाखवतं आणि पुन्हा मोजायला लागतं. बघायला फार देखणं. अडचण इतकीच की केबलला फिरवायला इंजिनावर जागा लागते. कॅमशाफ्टचं मोकळं टोक किंवा डायनामोची शेपटी मिळाली तर चांगल्या लेथवाल्याकडून जोडणी करून घेता येते. विकत घेण्याआधी मीटरला केबलचे किती फेरे लागतात ते तपासा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि निम्म्या वेगाच्या केबलसाठी बनवलेली मीटर पुष्कळ मिळतात. फिरण्याची दिशाही बघा, क्रोनोमेट्रिक मीटर उलट्या दिशेने फिरवू नये. केबलला कुठेही तीव्र वळण नको, साधारण १५० मिमी त्रिज्येपेक्षा कमी नाहीच. ग्रीस आतल्या तारेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागालाच, तेही हलकं. वरपर्यंत भरलं की ते फिरत फिरत चढतं आणि मीटरच्या आत शिरतं.

इंजिनावर अशी जागा नसेल तर ड्राइव्ह काढण्यासाठी टायमिंग कव्हरला भोक पाडू नका. केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यात पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. नियम बाजूला ठेवला तरी शंभर वर्षं टिकलेलं कास्टिंग आपल्या हौसेसाठी भोसकू नये.

तिसरी वाट सेन्सरची. नवशिक्याने हीच धरावी असं मला वाटतं. नवीन भोक लागत नाही, इग्निशनशी संबंध नाही आणि उद्या सगळं काढलं तर गाडी होती तशी राहते.

सेन्सर बसवण्याची पद्धत

सामान असं: एम-१२ आकाराचा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर, तीन वायरींचा, एनपीएन, नॉर्मली ओपन, १० ते ३० व्होल्टवर चालणारा. १२ व्होल्टचं आरपीएम मीटर, ज्याला पल्सचं किंवा सिलिंडरचं सेटिंग आहे. १ किलोओमचा रेझिस्टर, १ अँपिअरचा फ्यूज, शील्ड असलेली बारीक केबल, ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळीत, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मिळून जातं. प्रॉक्सिमिटी सेन्सर कारखान्यांतल्या मशीनवर सर्रास असतात, त्यामुळे औद्योगिक वसाहतीजवळच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलवाल्याकडे विचारा.

चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की पल्स देणारा) अशी जोडीही मिळते आणि ती स्वस्त असते. पण मॅग्नेटोच्या शेजारी नवं ताकदवान चुंबक फिरवणं मला नको वाटतं. शिवाय चुंबक चिकटवून भागत नाही. ५० मिमी त्रिज्येवर १ ग्रॅमचं चुंबक ३००० आरपीएमला सुमारे अर्धा किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढलं जातं. गरम, तेलकट पुलीवर कुठला गोंद ते किती दिवस धरणार? हॉल सेन्सर वापरायचाच असेल तर चुंबक खोबणीत अडकवा, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर चुंबकाची बाजू उलटी करून बघा. हे सेन्सर बहुधा एकाच ध्रुवाला ओळखतात.

इंडक्टिव्ह सेन्सरला चुंबक लागत नाही. समोरून लोखंड गेलं की तो पल्स देतो.

जागा. पहिली पसंती क्रँकशाफ्टच्या पुढच्या पुलीला, दुसरी मॅग्नेटोच्या कपलिंगला. पट्ट्यावर फिरणारा पंखा किंवा डायनामो नको, पट्टा घसरतो आणि पुलींचं गुणोत्तर पूर्णांकात बसत नाही. कपलिंगमध्ये इम्पल्स स्टार्टर असेल, म्हणजे हळू फिरवताना टक्‌ असा आवाज करून मॅग्नेटो झटका घेत असेल, तर तीही जागा सोडा.

टार्गेट, म्हणजे सेन्सरसमोरून जाणारं लोखंड. पुलीवर आधीपासून बोल्टची डोकी असतील तर त्यांनाच मोजता येईल, पण इथे एक हिशोब करावा लागतो. १० मिमी रुंदीचं डोकं ५० मिमी त्रिज्येवर ३००० आरपीएमला सेन्सरसमोरून सुमारे ०.६ मिलिसेकंदात निघून जातं. स्वस्त सेन्सरची स्विचिंग फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ असते, त्याला साधारण १ मिलिसेकंद हवा. मग खालच्या वेगाला आकडा बरोबर येतो आणि वर गेल्यावर अचानक कोसळतो, आणि माणूस वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो. उपाय सोपा: फ्रिक्वेन्सी १००० किंवा जास्त असलेला सेन्सर घ्या आणि टार्गेट २० मिमी रुंद करा. लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची दोन अर्ध्या तुकड्यांची रिंग करून घ्या, शाफ्टवर आवळून बसणारी. तिच्यावर समोरासमोर लोखंडाचे दोन सारखे तुकडे काउंटरसंक स्क्रूने बसवा, रिंगच्या वर ५ मिमी उठतील असे. अ‍ॅल्युमिनियमही सेन्सरला थोडं दिसतं, म्हणून हा उठाव हवा. दोन तुकडे समोरासमोर असल्यामुळे तोल राहतो. स्क्रूला थ्रेडलॉक लावा. तुकड्यांचं वजन तराजूवर करून सारखं आहे याची खात्री करा.

दोनच तुकडे का? बाजारातली काट्याची मीटर सिलिंडरच्या संख्येवर सेट होतात, आणि चार सिलिंडर म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात दोन पल्स असं ती धरतात. दोन तुकडे बसवले की मीटर ४ वर ठेवायचं, बाकी हिशोब नको. डिजिटल मीटरमध्ये एका फेऱ्याला किती पल्स हे थेट भरता येतं. सहा सिलिंडरच्या गाडीत मॅग्नेटोचं कपलिंग निवडलं तर दोन तुकड्यांनी क्रँकच्या एका फेऱ्यात तीन पल्स मिळतात, मीटर ६ वर ठेवा.

ब्रॅकेट. सेन्सरचं ब्रॅकेट इंजिनालाच बसवा, चासीला किंवा रेडिएटरला नाही. इंजिन हलतं आणि मधलं अंतर बदलतं. आधीच असलेल्या एखाद्या बोल्टखाली पट्टी पकडता येते. त्यासाठी पट्टीच्या जाडीइतका लांब बोल्ट घ्या, थ्रेड मात्र जुनेच. ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ, बीएसएफ किंवा बीए थ्रेड असतात, त्यात मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने फिरवला तर भोकच जातं. पट्टी लहान आणि जाड असू द्या. लांब बारीक पट्टी ठरावीक आरपीएमला थरथरते आणि मीटर नेमकं तिथे नाचतं.

अंतर. फ्लश प्रकारच्या एम-१२ सेन्सरची पोच २ मिमी असते, नॉन-फ्लशची ४ मिमी. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं अंतर ठेवा. इंजिन हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक तुकड्याजवळ फीलर गेज (ठरावीक जाडीची मापाची पातळ पट्टी) घाला. बॅटरी जोडून पुन्हा हाताने फिरवा, सेन्सरच्या मागचा छोटा लाल दिवा एका फेऱ्यात दोनदा लागायला हवा. हा दिवा फार उपयोगी आहे. मीटर जोडण्याआधीच अर्धं काम तपासून होतं.

वायरिंग. ब्राऊन वायर प्लसला, निळी मायनसला, काळी मीटरच्या सिग्नलला. एनपीएन सेन्सर सिग्नल फक्त खाली ओढतो, वर ढकलत नाही, म्हणून ब्राऊन आणि काळी यांच्यामध्ये १ किलोओमचा रेझिस्टर लावा. काही मीटरमध्ये तो आतच असतो. केबल प्लगवायरींपासून दूर न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. जुन्या प्लगवायरी तांब्याच्या असतात, त्यांत रेडिओचा खरखराट दाबणारं काही नसतं, आणि शेजारून गेलेल्या प्रत्येक वायरीत त्यांचा आवाज शिरतो. शील्ड मीटरच्या बाजूला एकाच टोकाला मायनसला जोडा, दोन्हीकडे नाही. सायलेन्सरच्या पाइपापासून हातभर लांब राहा.

सहा व्होल्ट आणि उलटं अर्थिंग

ऑस्टिन सेव्हनसारख्या गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असते आणि आजची मीटर १२ व्होल्टवर चालतात. पहिल्या चाचण्यांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे अलार्म किंवा छोट्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, १.३ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी सीटखाली ठेवणं. मीटर आणि सेन्सर मिळून ०.१ अँपिअरच्या आसपास घेतात, म्हणजे दिवसभराची रॅली निघते. गाडीच्या जुन्या वायरिंगला स्पर्शही होत नाही. माझी पसंती कायमसाठीही हीच आहे.

गाडीच्या बॅटरीवरूनच चालवायचं असेल तर ६ चे १२ करणारं छोटं बूस्ट मॉड्यूल लागेल. त्याआधी बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक जोडलंय ते डोळ्यांनी बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते प्लस असू शकतं. मीटरची धातूची बॉडी आतून मायनसला जोडलेली असेल आणि तुम्ही ती पॉझिटिव्ह अर्थच्या डॅशबोर्डवर स्क्रूने बसवली, तर तो सरळ शॉर्ट आहे. प्लॅस्टिक बॉडीचं मीटर घ्या किंवा मध्ये फायबरचे वॉशर घाला. फ्यूज बॅटरीजवळ, मीटरजवळ नव्हे.

आकडा खरा आहे का, हे ट्यूबलाइटखाली बघा

मीटर चालू झालं म्हणजे खरं बोलतंय असं नाही. रिफ्लेक्टिव्ह टेप आणि लेझरचं हातातलं टॅकोमीटर मिळालं तर पाच मिनिटांचं काम. नसेल तर आपल्याकडच्या विजेचा उपयोग करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि जुन्या लोखंडी चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एलईडी किंवा इलेक्ट्रॉनिक चोकवर हे जमत नाही.

पुलीवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ मारा. संध्याकाळी गॅरेजमध्ये बाकीचे दिवे बंद करून फक्त ती ट्यूब लावा, गॅरेजचं दार मात्र सताड उघडं ठेवा, सायलेन्सरचा धूर कोंडला तर जिवावर बेतेल. सुरक्षेसाठी जोडलेली अर्थची वायर काढा, प्लग लावा, इंजिन सुरू करा, गरम होऊ द्या. मग वेग सावकाश वाढवा. १००० आरपीएमला त्या एका रेघेच्या सहा रेघा स्थिर उभ्या दिसतील. १५०० ला चार, २००० ला तीन, ३००० ला दोन. रेघा हळूहळू एका बाजूला सरकत असतील तर वेग नेमक्या आकड्याच्या थोडा वर किंवा खाली आहे. रेघा थांबल्या त्या क्षणी मीटर काय म्हणतं ते दुसऱ्या माणसाला लिहून घ्यायला सांगा. विजेची फ्रिक्वेन्सी फार थोडी हलते, त्यामुळे बहुतेक स्वस्त मीटरपेक्षा ही ट्यूबच जास्त विश्वासाची. फक्त एक लक्षात ठेवा: रेघा थांबलेल्या दिसतात तेव्हा पुली पूर्ण वेगाने फिरत असते. हात, बाही, ओढणी, टाय, काहीही जवळ नको.

रस्त्यावर आणखी एक तपासणी होते. समजा मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ४.९ आणि टायरचा व्यास २६ इंच, म्हणजे परीघ सुमारे २.०७ मीटर. टॉप गिअरमध्ये, मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ४० किमी असताना चाक सेकंदाला ५.३६ फेरे फिरतं, म्हणून इंजिन १५७५ च्या जवळ असायला हवं. तुमच्या गाडीचे आकडे घालून हाच हिशोब करा. मीटर ३००० च्या वर सांगत असेल तर सिलिंडरचं सेटिंग चुकलंय, ८०० च्या आत सांगत असेल तर एक तुकडा सेन्सरला दिसत नाही.

मीटर आयडलला ठीक आणि रेस केल्यावर वर उडत असेल तर प्लगवायरींचा खरखराट आत येतोय, केबलचा मार्ग बदला आणि शील्ड तपासा. रेस केल्यावर खाली पडत असेल तर सेन्सर हळू आहे किंवा अंतर जास्त आहे. थंड इंजिनावर चालतं आणि गरम झाल्यावर बंद पडतं, असं असेल तर सेन्सर एक्झॉस्टच्या फार जवळ आहे.

पहिल्या मोठ्या फेरीनंतर बॉनेट उघडून रिंगचे स्क्रू, ब्रॅकेटचा बोल्ट आणि फीलर गेजचं अंतर पुन्हा बघा. ऑस्टिन सेव्हनच्या मीटरवर मी ३००० ला लाल पट्टी लावतो, आणि क्रँक मूळचा आहे की नंतर बदललेला हे माहीत नसेल तर २८०० ला. शेवटी इंजिन आयडलला असताना डॅशबोर्डवरचा स्विच बंद करा. ते ताबडतोब थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर काम करताना स्विचची वायर कुठेतरी निसटली आहे, आणि ती जोडेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही.